घर आणि प्रवास : चाकांवरचे घर निवडताना

सुट्टीचे दिवस जवळ आले की प्रत्येक घरात दोन प्रश्न निघतात. कोठे जावयाचे आणि कशाने जावयाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा लवकर मिळते; दुसऱ्यावर मात्र अनेक संध्याकाळी खर्च होतात. आगगाडी, बस, भाड्याची मोटार आणि स्वतःची मोटार ही उत्तरे आपल्या परिचयाची आहेत. अलीकडे त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली आहे. जिच्यात झोपता येते, चहा करता येतो, भांडे विसळता येते आणि जिच्या एका कोपऱ्यात लहानसे शौचालयही असते, अशी गाडी! कोणी तिला कॅरॅव्हॅन म्हणतात, कोणी कँपर व्हॅन, तर कोणी मोटारहोम. आपण तिला चाकांवरचे घर म्हणू.

या गाड्यांची चित्रे मोठी मोहक असतात. नदीकाठी उभी असलेली गाडी, तिच्या बाजूला ताणलेले कापडी छत, खाली दोन खुर्च्या आणि वाफाळलेला पेला! असे चित्र पाहिले की आपल्याही दारात अशी एक गाडी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रावरून साडी निवडावी तशी गाडी निवडता येत नाही. तिची खरी कसोटी निराळी आहे. आपल्या घरात असे एखादे माणूस असते, की प्रत्येक सहलीच्या वेळी त्याला “तुम्ही या खेपेस घरीच थांबा” असे सांगावे लागते. गुडघे धरलेली आजी, मधुमेहामुळे वरचेवर उठावे लागणारे आजोबा, अंगावर पिणारे मूल असलेली सून. त्या माणसाला ही गाडी सुखाने बरोबर नेऊ शकेल काय? उत्तर होकारार्थी असेल तर पुढचा विचार करावा. नकारार्थी असेल तर ती गाडी कितीही सुरेख असली तरी आपल्या कामाची नाही.

हा विचार हवेत राहू नये म्हणून आपण एक गाव डोळ्यांसमोर ठेवू. ते गाव जबलपूर.

जबलपूरच का?

जबलपूर हे नर्मदेच्या काठचे, देशाच्या साधारण मध्यभागी वसलेले शहर. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागाचा मराठी मुलखाशी संबंध आहे, आणि पुढे सरकारी नोकरी, रेल्वे, न्यायालय व आयुधनिर्माणीचे कारखाने यांच्या निमित्ताने गेलेली अनेक मराठी कुटुंबे तेथे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. तेथून कोणत्याही दिशेस निघाले तरी पाहण्याजोगे स्थळ लागते, आणि प्रत्येक वाट निराळ्या स्वभावाची आहे. भेडाघाटचे संगमरवरी कडे व धुवाँधार धबधबा अवघ्या पंचवीस किलोमीटरांच्या आत. कान्हाचे अरण्य सुमारे १६० किलोमीटरांवर. नर्मदेचे उगमस्थान अमरकंटक त्याहूनही दूर, मैकल पर्वतात. आणि नागपूर पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास.

शिवाय हे शहर गाड्या घडविणारेही आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. वाहननिर्माणीचा स्वतंत्र कारखाना १९६९ साली उभा राहिला. लष्कराचा प्रसिद्ध शक्तिमान ट्रक याच शहरात बनत असे. येथील आणखी एक नामांकित अपत्य म्हणजे जोंगा. जपानच्या निस्सान पेट्रोल गाडीच्या नमुन्यावर बांधलेल्या या गाडीचे नावच जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातील अक्षरांवरून पडले. तिचे उत्पादन १९९९ साली थांबले. लष्कराने काढून टाकलेल्या जोंगा हौशी लोकांनी घेतल्या, रंगविल्या, आणि त्यांवर तंबू चढवून ते डोंगर हिंडू लागले.

जोंगा पाहून कोणाचेही मन भरून येईल. पण तिची घडण चिखलातून व नाल्यांतून सैनिक नेण्यासाठी झाली होती. तिची पायरी उंच, बैठक कठीण, आणि सहा सिलिंडरांचे जवळजवळ चार लिटरचे इंजिन पेट्रोलचे मोठे तहानलेले. तरुण मित्रांच्या टोळीस ती शोभते. आजीला तिच्यात चढविणे हेच एक साहस ठरेल. म्हणजे गाडी चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी आणि कोणत्या वाटेसाठी, हे दोन शब्द जोडल्याखेरीज त्याला अर्थ येत नाही.

कल्पना जुनीच

चाकांवरचे घर ही पाश्चात्त्यांनी आपल्याला दिलेली देणगी आहे असे समजण्याचे कारण नाही. बैलगाडीवर तट्ट्याचे छप्पर चढवून, आत गवत व वर सतरंजी अंथरून यात्रेला निघालेली कुटुंबे आपल्याकडे कालपरवापर्यंत होती. राजस्थान व मध्य प्रदेशात फिरणाऱ्या गाडिया लोहारांचे तर सारे आयुष्यच गाडीवर गेले. ऐरण, भाता, भांडीकुंडी आणि लेकरे एका गाडीत सामावून घेणारा हा समाज. चित्तोड पडल्यावर गड परत मिळेपर्यंत घरात न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. १९५५ च्या एप्रिल महिन्यात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या उपस्थितीत त्यांचा चित्तोडगडात समारंभपूर्वक प्रवेश झाला.

निव्वळ सहलीसाठी असे घर बांधण्याचा प्रघात मात्र इंग्लंडात वाढला. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या लेखकाने ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची कॅरॅव्हॅन मुद्दाम बांधून घेतली व तिच्यातून देश पाहिला. १९५० साली जर्मनीत फोक्सवॅगनची डबा मोटार निघाली आणि बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनाही मोटारीत बिछाना घालण्याची गोडी लागली. आपल्या देशात २०२१ साली केरळ व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी आपापली धोरणे जाहीर केली, त्यामुळे हा विषय घरोघरी पोहोचू लागला आहे.

गाड्यांची कुळे

या गाड्यांची नावे पुष्कळ आहेत; पण मुळात त्यांची दोनच कुळे. एक, स्वतःच्या इंजिनाने चालणारी. दुसरे, मोटारीच्या मागे जोडून ओढावयाचे.

पहिल्या कुळातील सर्वांत थोरली म्हणजे बसच्या सांगाड्यावर बांधलेले मोटारघर. त्यात पलंग, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, बसावयाची खोली असे सर्व काही असते. सुख पुष्कळ, पण लांबी-रुंदी बसचीच. गावातील गल्लीत ती वळत नाही आणि सोसायटीच्या फाटकातून आत येत नाही.

मधली बहीण म्हणजे ट्रकच्या किंवा पिकअपच्या पुढच्या भागावर निराळी खोली चढविलेली गाडी. चालकाच्या डोक्यावरच्या पोटमाळ्यावर मुलांचा बिछाना असतो. हिची जागा बरी. उंचीचा मात्र विसर पडू देता कामा नये.

धाकटी म्हणजे बंदिस्त व्हॅनच्या आतच बसविलेले घर. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारख्या गाडीवर आपल्याकडे अशी अनेक घरे तयार होतात. उंच छपरामुळे आत उभे राहता येते, चार माणसे निजू शकतात, आणि रस्त्यावर ती साध्या मिनीबसप्रमाणे चालते. आपल्या रस्त्यांना व गावांना बहुतेक वेळा हीच मानवते.

याशिवाय एक अगदी साधा प्रकार आहे. आपलीच मोटार, तिच्या मागच्या आसनांच्या जागी घडीची फळी व गादी, किंवा टपावर उघडणारा तंबू. दोघा तरुण माणसांना एवढे पुरते. टपावरच्या तंबूत शिडीने चढावे लागते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे तो कोणासाठी नाही हे निराळे सांगावयास नको.

दुसऱ्या कुळात मोटारीमागे ओढावयाची कॅरॅव्हॅन येते. मुक्कामावर ती सोडून ठेवून मोटार घेऊन मोकळेपणाने हिंडता येते, हा तिचा मोठा गुण. हिच्यातच भिंती कापडाच्या असलेली, घडी होणारी हलकी गाडी असते. अमेरिकेत पिकअपच्या मधोमध खिळीवर टेकणारी प्रचंड ओढघरेही दिसतात. पण ओढगाडी मागे घेणे ही एक निराळीच विद्या आहे. चाक डावीकडे फिरविले की मागची गाडी उजवीकडे जाते! घाटाच्या वळणावर समोरून ट्रक आला आणि चार हात मागे सरावे लागले, तर नवशिक्याची त्रेधा उडते. कायद्याच्या दृष्टीने ओढगाडी हेही वाहनच असल्यामुळे तिची स्वतंत्र नोंदणी लागते, हेही विसरू नये.

चार वाटा, चार उत्तरे

आता जबलपुरात राहणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करू. आजी-आजोबा, पती-पत्नी आणि दोन मुले, अशी सहा माणसे. त्यांना वर्षभरात चार प्रवास करावयाचे आहेत.

पहिला भेडाघाटचा. सकाळी निघून सायंकाळी परत यावयाचे. येथे चाकांवरच्या घराची काहीच गरज नाही. साधी मोटार उत्तम. चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या कोणतीही गाडी चढून जाणार नाही. आजींसाठी घडीची खुर्ची व पाण्याचा थर्मास बरोबर घेतला की प्रवासाची सोय पूर्ण झाली.

दुसरा कान्हाचा. येथे पुष्कळांचा भ्रम होतो. जंगलात जावयाचे म्हणजे दणकट गाडी हवी, असे त्यांना वाटते. वस्तुतः व्याघ्रप्रकल्पाच्या मुख्य क्षेत्रात आपली गाडी नेता येत नाही. वनविभागाने नोंदलेल्या उघड्या जिप्सीतून, मार्गदर्शकासह, ठरलेल्या वेळीच जावे लागते. आपली गाडी, मग ती लाखाची असो की कोटीची, खटिया किंवा मुक्की फाटकाबाहेर उभी राहते. १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत मुख्य क्षेत्र पावसाळ्यामुळे बंद असते. तेव्हा कान्हासाठी गाडी निवडताना फाटकापर्यंतच्या चांगल्या रस्त्याचाच विचार करावा. रात्रीचा मुक्काम विश्रामगृहात ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत तेथे कडाक्याचे दव पडते. पत्र्याच्या गाडीत ती थंडी दुप्पट वाटते.

तिसरा अमरकंटकचा. नर्मदा व शोण या दोन नद्यांच्या उगमाचे हे ठाणे समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. वाट लांब, शेवटी वळणावळणाची, आणि मध्ये स्वच्छ शौचालयाचा भरवसा नाही. हीच खरी परीक्षेची वाट. प्रवासात स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने आपल्याकडील कितीतरी स्त्रिया निघण्याच्या आदल्या रात्रीपासून पाणी पिणेच टाळतात. पुढे डोके दुखते, मूत्रमार्गाचा विकार होतो, आणि दोष प्रवासाला दिला जातो. येथे धाकट्या जातीचे, म्हणजे व्हॅनमधील, चाकांवरचे घर आपली किंमत वसूल करून देते. आजींना वाटेत आडवे होता येते, आजोबांना हवे तेव्हा गाडी थांबवून उठता येते, बाळाला पडद्याआड पाजता येते. बसएवढे मोटारघर येथे अवजड ठरेल, आणि ओढगाडी तर नकोच.

चौथा नागपूरचा, लग्नकार्यासाठी. शिवनीवरून जाणारा महामार्ग रुंद आहे. पेंचच्या अरण्याजवळ वन्य प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उंच खांबांवर नेला आहे. सकाळी निघाले की दुपारपर्यंत नागपूर येते. इतक्या वाटेसाठी झोपण्याची गाडी नेणे म्हणजे बाजारातून कोथिंबीर आणावयास बैलगाडी जुंपण्यासारखे आहे. आगगाडी किंवा मोटार बरी.

चार प्रवासांपैकी एकालाच चाकांवरचे घर लागले. हा हिशेब आपल्या घरीही करून पाहावा. क्वचित एखादे कुटुंब नर्मदेची परिक्रमा वाहनाने करावयाचे योजते. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. दोन्ही तीर धरले तर वाट २,६०० किलोमीटरांच्या वर जाते. अशा दीर्घ यात्रेत, विशेषतः वृद्ध माणसे असतील तर, आत शौचालय असलेली गाडी ही चैन न राहता सोय ठरते. मात्र रात्री आश्रमात किंवा धर्मशाळेत पाठ टेकता येत असेल तर बिछान्यांपेक्षा आरामशीर बैठकी अधिक असलेली गाडी घ्यावी.

पाणी, वीज आणि वजन

गाडी पाहावयास गेल्यावर विक्रेता पडदे, दिवे आणि दूरचित्रवाणी दाखवील. आपण टाक्या व विजेरी पाहावी.

चार माणसांनी काटकसरीने वापरले तरी हातपाय धुणे, स्वयंपाक व शौचालय मिळून माणशी पंधरा लिटर पाणी दिवसाला लागते, म्हणजे साठ लिटर. शंभर लिटरांची टाकी दोन दिवसही पुरत नाही. शिवाय शंभर लिटर पाण्याचे वजन शंभर किलो! त्यात माणसे, गाद्या, भांडी, गॅसचे सिलिंडर मिळविले म्हणजे नोंदणीपत्रात लिहिलेली वजनाची मर्यादा केव्हा ओलांडली जाते ते कळतही नाही. भरलेली गाडी एकदा धर्मकाट्यावर नेऊन तोलून घ्यावी. जड सामान तळाशी, चाकांच्या आसांमध्ये ठेवावे. टपावर हलके तेवढेच. वजन वर गेले की वळणावर गाडी झुकते.

विजेचा हिशेब असा. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची विजेरी सुमारे १,२०० वॅट-तास वीज देते. तीस वॅटचा पंखा रात्रभर, आठ तास, चालविला तर २४० वॅट-तास खर्च होतात. म्हणजे पंखा व दिवे सुखाने चालतील. पण एक टनाचे वातानुकूलन यंत्र तासाला हजार वॅट-तासांच्या आसपास वीज खाते. तीच विजेरी ते यंत्र तासभरच ओढील. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. त्या दिवसांत जेथे बाहेरून वीज जोडून मिळते अशाच ठिकाणी मुक्काम करावा, नाही तर प्रवासाचा काळच बदलावा. ऑक्टोबर ते मार्च हे दिवस या मुलखाला योग्य.

शौचालयाखाली बहुधा पंधरा-वीस लिटरांची काढता येणारी टाकी असते. माणसे चार असतील तर ती दोन-तीन दिवसांत भरते. ती सार्वजनिक शौचालयातच रिकामी करावयाची. ओढ्यात, नाल्यात किंवा नर्मदेत कदापि नाही. ज्या नदीचे दर्शन घ्यावयास आपण निघालो तिच्यातच घाण सोडणे हे कोणत्या पुण्यात बसते?

जिवाशी गाठ

येथवर सोयीची गोष्ट झाली. आता जी सांगावयाची ती जिवाची आहे.

बंद गाडीत झोपलेल्या माणसाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही. तो इंजिनाच्या व जनित्राच्या धुरातून आणि शेगडीतून निघतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच गुंगवून टाकतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. जनित्रातून निघालेला हाच विषारी वायू आत शिरल्याचे तपासात दिसून आले. म्हणून पुढील नियम घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. आत माणसे निजली असताना इंजिन किंवा जनित्र चालू ठेवू नये. थंडीसाठी आत कोळशाची शेगडी कधीही नेऊ नये. वाऱ्याला एक झरोका सदैव उघडा असावा. आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे लहान यंत्र झोपण्याच्या जागेजवळ बसवून घ्यावे. गाडीच्या किमतीपुढे त्याची किंमत नगण्य आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारी भोके आहेत की नाहीत ते वाकून पाहावे. गाडी चालू असताना सिलिंडरची कळ बंद असावी.

आणखी एक. गाडीत किती माणसे निजू शकतात आणि किती माणसे पट्टा बांधून बसू शकतात, हे दोन आकडे निराळे असतात. विक्रेता पहिला सांगतो. आपण दुसरा विचारावा. चालत्या गाडीत पलंगावर निजणे, मुलांनी पोटमाळ्यावर खेळणे, उठून चहा करणे हे सर्व वर्ज्य. आजींना आडवे व्हावयाचे असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी. थांबता येते म्हणूनच तर ही गाडी घेतली!

कायदा आणि कागद

आपल्या ओळखीचा एखादा कुशल मिस्त्री जुन्या व्हॅनमध्ये स्वस्तात घर करून देतो म्हणेल. त्याच्या हातावर विश्वास ठेवावा, पण कागद आधी पाहावा. निर्मात्याने ठरविलेल्या मूळ रचनेत मनाजोगा फेरफार करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. परवानगी व नोंद यांविना केलेला बदल पकडला गेला तर दंड होतो, आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. म्हणून प्रमाणित बांधणीची, नोंदणीपत्रात यथार्थ वर्णन असलेली गाडीच घ्यावी.

चालकाच्या परवान्याविषयीही शंका विचारल्या जातात. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्यास एकूण ७,५०० किलोपर्यंतचे वाहन चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. बसच्या सांगाड्यावरील गाडी या मर्यादेबाहेर जाऊ शकते. ओढगाडी घ्यावयाची तर परिवहन कार्यालयात आधी चौकशी करावी.

भाड्याने घेताना पाटी पाहावी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवावयाची भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि आपण ती घेऊही नये.

विकत की भाड्याने?

समजा, गाडीला वीस लाख रुपये पडले. आपण ती दहा वर्षे ठेवणार आणि दर वर्षी वीस दिवस तिच्यातून हिंडणार. म्हणजे दोनशे दिवस. दर दिवसाचा बोजा दहा हजार रुपये. इंधन, विमा, कर, टायर आणि ती उभी करण्याची जागा निराळी. विकताना काही रक्कम परत येईल हे खरे, पण वर्षातील ३४५ दिवस ती उन्हापावसात उभी राहणार हेही तितकेच खरे. उभ्या गाडीची विजेरी उतरते, टायर कडक होतात, टाकीला वास येतो. सेवानिवृत्तीनंतर दरसाल तीन-चार महिने हिंडणारे जोडपे असेल तर हिशेब उलटतो. नोकरदार कुटुंबाने मात्र आधी भाड्यानेच अनुभव घ्यावा.

आणि तो अनुभवही बेताने घ्यावा. पहिल्याच खेपेस अमरकंटक गाठू नये. बरगी धरणाचा जलाशय जबलपुराहून जवळच आहे. अशा एखाद्या ठिकाणी, परवानगी व सोय असलेल्या आवारात, दोन रात्री काढाव्यात. त्या दोन रात्रींत बिछाना पुरतो की नाही, मुलांना झोप येते की नाही, पाणी किती लागते, हे सारे कळून येते. विशेषतः आजींना पायरी चढताना कोणाचा हात लागतो का, आणि रात्री उठून शौचालयापर्यंत त्या एकट्या जाऊ शकतात का, हे पाहावे. पायरी उंच वाटली तर एक लाकडी चौरंग व भक्कम कठडा बसवून घेता येतो. आतील वाट अरुंद असेल तर त्यावर मात्र उपाय नाही. ती गाडी सोडून द्यावी.

तेव्हा या आठवड्यात घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर पाच गोष्टी लिहाव्यात. येत्या वर्षात आपण कोठे कोठे जाणार, किती रात्री बाहेर काढणार, किती माणसे पट्टा बांधून बसणार, वाटेतला सर्वांत अवघड रस्ता कोणता, आणि गाडी वर्षभर उभी राहणार कोठे. हा कागद घेऊनच गाडी पाहावयास जावे. जाताना ज्यांच्यासाठी ती घ्यावयाची त्या आजींनाही बरोबर न्यावे, त्यांना आत चढू द्यावे, बसू द्यावे, आडवे होऊ द्यावे. बाकीच्यांनी तोवर बाहेर थांबावे आणि त्या काय म्हणतात ते ऐकावे.